ॲलर्जीच्या तीव्र झटक्यासाठी शाळेतल्या सगळ्यांची तयारी कशी करून घ्यावी

मी शाळेत नर्स आहे. दरवर्षी हे प्रशिक्षण घेताना मी व्याख्यान आटोपशीर ठेवते आणि ट्रेनर पेन, म्हणजे झटक्यात मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देणाऱ्या पेनाची सरावासाठीची प्रतिकृती, लगेच लोकांच्या हातात देते. त्यात सुई नसते, औषधही नसतं. शिक्षकांइतकेच शिपाई, सेविका, बसमधल्या ताई आणि खेळाचे सर मला समोर लागतात, कारण झटका वेळापत्रक बघून येत नाही.

"मॅडम, मी काय डॉक्टर आहे?" असं एक काका हमखास म्हणतात. "काका, टोपण काढायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर दाबायचं आणि धरून ठेवायचं." मग त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेते. पेन मुठीत धरा, अंगठा टोकावर नको. घाईत पेन उलटं धरलं तर सुई अंगठ्यात शिरते आणि मुलाचा डोस वाया जातो. कपड्यावरून चालतं, फक्त जाड शिवण आणि भरलेला खिसा टाळा. किती सेकंद धरायचं हे प्रत्येक बनावटीच्या पेनावर लिहिलेलं असतं. तुमच्या शाळेत जी पेनं आहेत, त्यांच्याच ट्रेनरवर सराव करा.

ओळखायचं कसं? नुसत्या गांधी उठल्या, ओठ किंचित सुजले, तर मुलावर नजर ठेवा, एकटं सोडू नका. पण आवाज घोगरा झाला, घशात अडकल्यासारखं वाटतंय, धाप किंवा घरघर, सतत खोकला, चक्कर, अंग गळून जाणं, यातलं एकही दिसलं की थेट ॲड्रेनलिन. अंगावर काहीच उठलं नाही म्हणून थांबू नका. काही वेळा त्वचेवर खूणही नसते. मूल दम्याचं असेल तर आधी पेन, मग इन्हेलर. आणि ॲलर्जीची गोळी? खाज कमी करेल, पण बंद होत चाललेला श्वास किंवा उतरलेलं ब्लडप्रेशर तिला सावरता येत नाही. शंका वाटली तरी पेन द्या. गरज नसताना दिलं गेलं तर बहुधा थोडा वेळ छाती धडधडेल, हात थरथरतील, इतकंच. उशीर मात्र जिवावर बेतू शकतो.

मुलाला चालवत आजारी खोलीत आणू नका, पेन मुलाकडे न्या. हे मी इतकं घोकून घेते की लोक कंटाळतात. आडवं झोपवा, पाय उंच. श्वास लागत असेल तर पाय पसरून बसवा. बरं वाटलं तरी उभं करू नका, एकदम उभं राहिल्यावर रक्तदाब कोसळतो. एकाने रुग्णवाहिका बोलवायची, एकाने फाटकाशी थांबायचं, एकाने घड्याळ बघून वेळ लिहायची. पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरं पेन. मोठी मुलं लाजेने एकटीच स्वच्छतागृहात जातात, तेव्हा तिथेही बघा.

पेन कुलुपात ठेवू नका. किल्लीवाली व्यक्ती नेमकी त्याच दिवशी रजेवर असते! फ्रीजही नको, उन्हातली गाडीही नको. खोलीच्या तापमानाला, मुलाचा फोटो लावलेल्या लिखित योजनेसोबत ठेवा. संपायची तारीख आणि पेनाच्या छोट्या खिडकीतून दिसणारं औषध गढूळ तर नाही ना, हे बघण्याची जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर असू द्या. सहलीला पेन मुलाच्या गटातल्या शिक्षकाच्या खांद्यावरच्या पिशवीत जाईल, बसच्या डिकीत नाही. बदली शिक्षकाला वर्गात पाठवण्याआधी तो फोटो दाखवा.

मग मधल्या सुट्टीत अचानक सराव घ्या: मैदानाच्या टोकाला उभ्या राहा आणि पेन पोचायला किती वेळ लागतो ते मोजा.

खरंच झटका आला, तर मूल सावरलं तरी दवाखान्यात पाठवा, काही तासांनी त्रास उलटू शकतो. वापरलेलं पेन आणि वेळेची चिठ्ठी रुग्णवाहिकेसोबत द्या. नवं पेन येईपर्यंत त्या मुलाचं शाळेत कसं सांभाळायचं, हे पालकांशी त्याच दिवशी बोलून ठरवा.