भावंडांच्या कोट्यातून अमेरिकेला जाताना: आधी जन्मदाखला काढा

तुमच्या भावाने किंवा बहिणीने अमेरिकेतून तुमच्यासाठी आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला कायमचं बोलावून घ्यायचा अर्ज, भरला असेल, तर नंबर लागायची वाट बघत बसू नका. आज एक काम करा. घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, शाळेची एलसी आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावातलं अक्षर न् अक्षर ताडून बघा. फाइली अडतात त्या बहुतेक इथेच.

मी वडोदऱ्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं काम केलं. एलसी लिहिणं, जुनी रजिस्टरं काढून देणं हेच माझं काम. निवृत्त झाल्यावर दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची फाइल मीच सांभाळली. न्यू जर्सीतल्या आमच्या धाकट्या बहिणीने ती नोव्हेंबर २००५ मध्ये भरली होती. तेव्हापासून दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ओळखीपाळखीचे लोक कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी हिशेब समजून घ्या. भावंडांच्या या गटाला एफ-४ म्हणतात. अर्ज भरणारं भावंड अमेरिकेचं नागरिक हवं आणि एकवीस वर्षांचं तरी हवं, नुसत्या ग्रीन कार्डावर हा अर्ज होत नाही. साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा, त्यात बायको-मुलंही मोजली जातात, आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. म्हणून भारताची रांग इतकी लांब. २०२५ मध्ये नंबर लागत होते ते २००६ मध्ये भरलेल्या अर्जांचे. अर्ज ज्या दिवशी पोचला ती तुमची प्रायॉरिटी डेट, ती मंजुरीच्या कागदावर छापलेली असते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, ते फुकट वाचता येतं. त्यात दोन तक्ते असतात. ‘डेट्स फॉर फायलिंग’च्या तक्त्यात तारीख आली की कागद मागवतात, ‘फायनल ॲक्शन डेट्स’च्या तक्त्यात आली की व्हिसा मिळू शकतो. नंबर पुढे सरकवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. असा नंबर कोणालाच सरकवता येत नाही.

आता जन्मदाखला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे माणूस आयुष्यभर वडोदऱ्यात राहिलेला असतो आणि नोंद असते आजोळी. दाखला जन्म झाला त्या गावचाच लागतो, खंडेराव मार्केटातल्या आपल्या महापालिकेत तो शोधून उपयोग नाही. दादाचा जन्म १९६२ चा, सांगली जिल्ह्यातला. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, बहुतेक राज्यांत तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, म्हणून त्याआधीच्या नोंदी कुठे सापडतात, कुठे नाही. दादाची सापडली नाही. अशा वेळी त्याच कार्यालयाकडून ‘नोंद उपलब्ध नाही’ असं प्रमाणपत्र लेखी घ्यायचं. त्याला शाळेची एलसी जोडायची, आणि जन्माच्या वेळी जाणत्या वयाच्या असलेल्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. आमच्या काकूने ते केलं, तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती. नोटरीपुढे तिने सही करायला पाच मिनिटं घेतली, प्रत्येक अक्षर मोडत-जोडत, पण पूर्ण नाव लिहिलं. नातेवाइकाने स्वतःला काय ठाऊक आहे ते लिहावं: कुठल्या घरी जन्म झाला, आईवडील कोण, नातं काय. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर हे करून ठेवा. हे काम मी सगळ्यात वर लिहिते, कारण यानंतर उशीर झाला तर भरपाई नाही.

मुलांच्या दाखल्यात दुसरीच अडचण असते. जन्माची नोंद बारशाच्या आधी होते, नावाची जागा रिकामी राहते आणि पुढे कोणी बघत नाही. कायद्याच्या १४ व्या कलमात नाव नंतर घालायची सोय आहे, ते ज्या कार्यालयात नोंद आहे तिथूनच घालून घ्या. नोंदच झाली नसेल आणि वर्ष उलटलं असेल, तर जिल्हा दंडाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीआधी यासाठी कोर्टात जावं लागे.

नावांचं मी जरा सविस्तर सांगते, कारण गुजरातेतल्या मराठी माणसाचा खरा त्रास हाच आहे. माझ्या भाचीचं, म्हणजे दादाच्या मुलीचं नाव ज्ञानदा. आपण ‘ज्ञ’ इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहितो. गुजरातीत त्याचा उच्चार ‘ग्न’, म्हणून शाळेत तो जी-एन झाला. पासपोर्टावर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं. शिवाय वडिलांच्या नावापुढे एका कागदावर ‘भाई’, आईच्या नावापुढे ‘बेन’, तर मिरजेकडच्या कागदावर त्याच आईच्या नावाला ‘बाई’. माणूस एकच आहे हे आपल्याला कळतं, मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या खिडकीमागच्या अधिकाऱ्याला कळायला कागद लागतो. जिथे मूळ दाखला दुरुस्त होतो तिथे तो दुरुस्त करा. जिथे होत नाही तिथे ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करा, आणि डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरताना ‘इतर नावं’ या रकान्यात प्रत्येक स्पेलिंग लिहा. काही लपवू नका, वगळूही नका.

बहिणीने अर्ज भरला असेल तर आणखी एक गाठ असते. आमची बहीण माहेरची कुमुद, सासरी शर्वरी. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही बदललेली. भाऊ-बहीण सिद्ध होतात ते दोघांच्या जन्माच्या कागदांवर तेच आईवडील दिसल्याने, आणि मग कुमुदची शर्वरी झाली हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. आमच्याकडे फक्त लग्नपत्रिका आणि फोटो होते. अमेरिकेहून आणखी पुरावा मागणारं पत्र आलं, आम्ही उशिरा विवाह नोंदणी करून घेतली, प्रतिज्ञापत्रं धाडली, आणि अर्ज मंजूर झाला जानेवारी २०१० मध्ये. चार वर्षं दोन महिने गेले. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. पण तेच चार वर्षं दोन महिने पुढे ज्ञानदाच्या कामी आले.

कसे, ते नीट वाचा. एकवीस वर्षांच्या आतलं अविवाहित मूल आईवडिलांबरोबर जाऊ शकतं. नंबर लागायला वीस वर्षं लागली तर मूल मोठं होणारच, म्हणून ६ ऑगस्ट २००२ चा एक कायदा आहे, चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट. त्याचा हिशेब असा: नंबर लागला त्या दिवशीचं मुलाचं वय घ्या. आय-१३० भरल्यापासून मंजूर होईपर्यंत जेवढे दिवस गेले तेवढे त्यातून वजा करा. उरलेलं वय एकवीसच्या आत असेल तर मूल कायद्याने मूलच. आमचा नंबर २०२४ च्या सुरुवातीला लागला. ज्ञानदा तेव्हा पंचवीस वर्षं एक महिन्याची होती. चार वर्षं दोन महिने वजा केले, वीस वर्षं अकरा महिने राहिले. शहरातल्या एका एजंटाने तिचा पासपोर्ट बघताच तिचं नाव फाइलीतून काढा म्हणून सांगितलं होतं, दादा-वहिनींनी मनाची तयारीही केली होती. कृपा करून कोणाच्याही तोंडी शब्दावर मुलाचं नाव गाळू नका. कागद-पेन घेऊन दिवस मोजा.

यात तीन गोष्टी पाळायच्या. वय मोजायचं ते ‘फायनल ॲक्शन’ तक्त्यावरून. अमेरिकेतच राहून अर्ज करणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून दुसरा तक्ताही चालत होता, पण १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना पुन्हा हाच तक्ता लागू केला आहे. नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत मुलाच्या नावाची फी किंवा डीएस-२६० गेलाच पाहिजे. आणि मूल अमेरिकेत उतरेपर्यंत अविवाहित हवं. कोर्टातलं लग्नही चालत नाही.

पुढचं काम त्या मानाने सरळ आहे. नॅशनल व्हिसा सेंटर म्हणजे मंजूर अर्जांचे कागद आणि फी गोळा करणारं अमेरिकेचं कार्यालय. त्याचं पत्र आलं की माणशी ३२५ डॉलर आणि सगळ्या कुटुंबाच्या हमीपत्राचे मिळून १२० डॉलर सरकारी साइटवरच भरायचे. पत्राला वर्षभर उत्तर दिलं नाही तर केस बंद होऊ शकते, म्हणून पत्ता, ईमेल बदलला की कळवा. हमीपत्र म्हणजे आय-८६४: उत्पन्न त्यांच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. आमची बहीण निवृत्त झालेली, म्हणून तिच्या मुलाने जोड हमी दिली. तरी बहिणीचं स्वतःचं हमीपत्र लागतंच. गुजराती किंवा मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडताना, दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर बरोबर आहे, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं.

पोलीस क्लिअरन्स सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला लागतो, तो पासपोर्ट सेवेतून मिळतो, फी ५०० रुपये. कोणी आखातात वर्षभर नोकरी केली असेल तर तिथलाही आणावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

मेडिकल वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. लसीचे जुने कागद असतील तर न्या. मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. मूळ कागद ज्या क्रमाने अपलोड केले त्याच क्रमाने फाइलीत लावा. दादाला अधिकाऱ्याने विचारलं, शर्वरी कोण आणि कुमुद कोण. त्याने विवाहाचा दाखला पुढे सरकवला, काकूचं प्रतिज्ञापत्र त्याच्याखालीच होतं.

व्हिसाची मुदत सहसा मेडिकलपासून सहा महिन्यांपर्यंत असते. मुलाने मुख्य अर्जदाराच्या आधी जायचं नाही, बरोबर किंवा नंतर जायचं. ज्ञानदा दादाच्या शेजारच्या सीटवर बसून गेली, आणि तिचा साखरपुडा आम्ही ती न्यू जर्सीत पोचल्यावरच ठरवला.