तालमीत बोलणं कमी केलं आणि नाटक पुढे सरकलं (माझा अनुभव)

आम्ही सहा जण, चार नट, एक म्युझिकवाला आणि मी दिग्दर्शनाला, शब्दांशिवायचं ४० मिनिटांचं फिजिकल थिएटर (शरीराच्या हालचालींतून गोष्ट सांगणारं नाटक) बसवत होतो. तीन आठवडे झाले तरी हातात नुसते सुटे तुकडे, कारण अर्धी तालीम गोल बसून बोलण्यातच जायची. मग ठरवलं की आयडिया सुचली तर सांगायची नाही, उठून करून दाखवायची. खरंच फरक पडला, जो मुलगा चर्चेत कधी तोंड उघडायचा नाही त्यानंच खुर्ची पाठीवर घेऊन रांगत यायची मूव्ह काढली आणि तीच पुढे नाटकाचा कणा झाली.

दुसरा घोळ म्हणजे सगळं एकाच जोशात चाललेलं. इथे जाक लकोक (१९५६ साली पॅरिसमध्ये ज्यांनी नाटकाची शाळा काढली ते) यांच्या पद्धतीतल्या ताणाच्या सात पातळ्या कामी आल्या, पहिलीत शरीर पूर्ण ढिलं, सातवीत आखडून दगड. प्रत्येक सीनला आकडा दिला तर जवळजवळ सगळे पाच-सहावर! दोन सीन मुद्दाम खाली आणले, मग कुठे नाटकाला चढउतार आला.

लिफ्ट (एकानं दुसरीला वर उचलायची मूव्ह) मात्र आकडे मोजून जमेना, वर जाणारी नेहमी जरा आधीच उडी मारायची. शेवटी मोजणं सोडलं, खालच्यानं ऐकू येईल असा श्वास आत घ्यायचा, तो आला की उडी. आधी मॅटवर, सावकाश. म्युझिकवाल्यालाही तोच श्वास पकडायला सांगितलं. त्यानंतर ती लिफ्ट एकदाही चुकली नाही.