शेअरचा कॉल ऑप्शन घेताय? आधी हा हिशोब बघा
जागेचा इसार देतो ना आपण, साधारण तसाच कॉल समजा, ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क, आणि पुट म्हणजे विकायचा. समजा शेअर १००० ला आहे, १०२० चा कॉल, म्हणजे १०२० ला घ्यायचा हक्क, शेअरमागे २० रुपयांना (हाच प्रीमियम) मिळतोय, लॉट ५०० शेअरचा, म्हणजे १० हजार गेले खिशातून. आता एक्सपायरीला, म्हणजे कॉलची मुदत संपते त्या दिवशी, शेअर १०३० झाला तरी तुम्ही ५ हजार लॉसमध्येच, १०४० च्या वर गेला तरच कमाई, नवीन माणूस इथेच फसतो. शिवाय आपल्याकडे स्टॉक ऑप्शनमध्ये असा कॉल शेवटपर्यंत ठेवला तर शेअरच घ्यावे लागतात, ५ लाख १० हजार तयार ठेवा नाहीतर आधीच कॉल विकून मोकळे व्हा. ऑप्शन रायटिंग, म्हणजे आधी न घेता कॉल दुसऱ्याला विकणं, तर सध्या नकोच, मिळणार फक्त प्रीमियम आणि शेअर उडाला तर लॉसला लिमिटच नाही.