कंबोडियाच्या खेड्यांतील मुलांच्या शिक्षणाला हातभार लावायचा असेल तर

कंबोडियातील एखाद्या खेड्यात जाऊन मुलांच्या शिक्षणासाठी काही महिने द्यावेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तयारीची सुरुवात तिथल्या शिक्षकापासून करावी. त्या मुलांना शिकवणारा माणूस गावात आधीपासून आहे. आपण जाण्यापूर्वी तोच शिकवत होता आणि आपण परतल्यावरही तोच शिकवणार आहे. त्याच्या कामाला बळ मिळाले तर आपले जाणे सार्थकी लागले असे समजावे. पुढील सर्व सूचना याच कसोटीवर घासून लिहिल्या आहेत.

या देशातील शाळांनी काय भोगले आहे, हे जाण्याआधी माहीत असावे. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कट्टर साम्यवादी संघटनेने राजधानी नॉम पेन्ह ताब्यात घेतली आणि जानेवारी १९७९ मध्ये ती राजवट कोसळेपर्यंत देशातील शाळा जवळजवळ बंदच राहिल्या. शिकलेल्या माणसांना वेचून मारण्यात आले आणि त्यांत शिक्षकांची संख्या मोठी होती. १९७९ नंतर शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा ज्याला थोडेफार येत होते त्याने काहीच न येणाऱ्याला शिकवायचे, एवढ्याच भांडवलावर सुरुवात झाली. आज सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे निम्न माध्यमिक आणि तीन वर्षे उच्च माध्यमिक अशी रचना आहे; १९९३ च्या राज्यघटनेने किमान नऊ वर्षांच्या शिक्षणाची हमी दिलेली आहे, आणि बहुसंख्य मुले पहिलीत दाखलही होतात. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत तिथल्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी वाचनाची किमान पातळी गाठणारे १०० मध्ये जेमतेम ८ होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की परदेशी स्वयंसेवकाने इंग्रजीचा वर्ग हेच आपले मुख्य काम मानू नये. इंग्रजी उपयोगी आहे, सिएम रीपसारख्या पर्यटनावर जगणाऱ्या भागात तर ती रोजगाराशी थेट जोडलेली आहे. पण ज्या मुलाला स्वतःच्या भाषेतला परिच्छेद वाचता येत नाही, त्याला आधी ख्मेर या तिथल्या भाषेच्या वाचनाची गरज आहे आणि ते काम स्थानिक शिक्षकाच्या बरोबरीनेच होऊ शकते.

संस्था निवडताना

अनाथालयात जाऊन शिकवण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. कंबोडियातील अशा संस्थांत राहणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांचे आई किंवा वडील हयात असल्याचे तिथल्या पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. गरिबी आणि शिक्षणाची आशा यांमुळे आईवडील मूल तिथे ठेवतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे अशा संस्था वाढत जातात. मुले ही पर्यटकांनी पाहायची स्थळे नाहीत, असे सांगणारी मोहीम मुलांसाठी काम करणाऱ्या फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेने आणि तिच्या चाइल्डसेफ उपक्रमाने याच कारणासाठी चालवली. मूल स्वतःच्या घरी राहून गावच्या शाळेत जाते, अशाच ठिकाणी काम करावे.

संस्थेशी बोलताना तिने आपल्याला काय विचारले, याकडे लक्ष द्यावे. पोलिसांचा चारित्र्य दाखला, पूर्वीच्या कामाची चौकशी आणि बालसंरक्षणाच्या लेखी नियमांवर सही, या तीन गोष्टी मागितल्या गेल्या नाहीत आणि केवळ शुल्क भरले की मुलांमध्ये प्रवेश मिळतो असे दिसले, तर तिथे जाऊ नये. मुख्याध्यापकांची संमती आहे का, स्थानिक शिक्षकांना किंवा साहाय्यकांना मानधन मिळते का, आपल्याआधी आलेल्या स्वयंसेवकाने कोणत्या नोंदी मागे ठेवल्या, हेही विचारावे. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर वर्गात उभे राहण्याचा आग्रह धरू नये. दर पंधरवड्याला नवा चेहरा आला की मुले प्रत्येक वेळी मुळाक्षरांपासून सुरुवात करतात आणि लागलेला लळा पुन्हा पुन्हा तुटतो. कमी वेळ असणाऱ्याने ख्मेर पुस्तकांसाठी निधी उभारावा किंवा शिक्षकांना संगणकावर शैक्षणिक साहित्य तयार करण्यास मदत करावी. पर्यटक व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि तो एकदाच वाढवून मिळतो, तेव्हा लांबच्या मुक्कामासाठी सुरुवातीलाच ई वर्गाचा, म्हणजे मुदत पुन्हा वाढवता येणारा, व्हिसा घ्यावा आणि कामाच्या परवान्याविषयी संस्थेकडून लेखी खुलासा मागावा.

अर्ध्या दिवसाची शाळा

खेड्यांतील अनेक सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात. एक गट सकाळी येतो, दुसरा दुपारी, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला शाळेचा अर्धाच दिवस येतो. उरलेला अर्धा दिवस स्वयंसेवकाला आयता मोकळा दिसतो, पण तिथे एक नाजूक गोष्ट आहे. बरेच शिक्षक त्याच वेळात रियेन कुओ म्हणजे फी घेऊन जादा तास घेतात. फी काहीशे रियालांची असते, आणि एका डॉलरला साधारण ४,००० रियाल पडतात हे लक्षात घेता ती रक्कम किती लहान आहे ते कळते. तुटपुंज्या पगाराला तेवढाच आधार असतो. आपण शेजारीच फुकट वर्ग उघडला तर मुले इकडे येतील, शिक्षकाची मिळकत बुडेल आणि आपण गेल्यावर दोन्ही तास बंद पडतील. यासाठी वेळ आणि विषय शिक्षकाशी बोलून ठरवावेत, ज्यांना जादा तासाची फी परवडत नाही अशा मुलांपासून सुरुवात करावी, आणि शक्य असल्यास संस्थेने त्याच शिक्षकाला मानधन देऊन हा वर्ग त्याच्याच हाती ठेवावा.

वर्षाचे गणितही समजून घ्यावे. मे ते ऑक्टोबर पावसाचे दिवस असतात. भाताची लावणी आणि पुढे कापणी यांच्या हंगामात मोठी मुले शेतावर असतात. एप्रिलच्या मध्यात ख्मेर नववर्ष आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पूर्वजांना अन्न अर्पण करण्याचा प्चुम बेन हा सण येतो, तेव्हा गावात वर्ग भरवण्याची अपेक्षाच करू नये. तोन्ले साप सरोवर पावसाळ्यात कित्येक पटींनी पसरते आणि काठावरच्या गावांत मुले नावेने शाळेत येतात. अशा ठिकाणी पुस्तके झाकणबंद डब्यात ठेवणे ही रोजची गरज आहे.

भाषेची तयारी

मराठी माणसाला इथे एक मोठी सवलत मिळते आणि ती वाया घालवू नये. ख्मेर लिपी ब्राह्मीच्याच कुळातली असून तिची ३३ व्यंजने आपल्या वर्णमालेच्याच क्रमाने येतात: कॉ, खॉ, को, खो, ङो. शब्दही ओळखीचे भेटतात. शिक्षक म्हणजे क्रू, अर्थात गुरू. पुरुष शिक्षकाला ‘लोक क्रू’ आणि शिक्षिकेला ‘नेआक क्रू’ म्हणतात. शाळा म्हणजे साला. गावाला फूम म्हणतात आणि लिहिताना तो शब्द ‘भूमि’ असाच लिहिला जातो. जोडाक्षरात दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहितात आणि त्या रूपाला ‘पाय’ असे नाव आहे. अक्षराचा पाय मोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लगेच पटते. अडचण दोन ठिकाणी येते. व्यंजनांचे दोन गट आहेत आणि स्वरचिन्ह तेच असले तरी गटाप्रमाणे त्याचा उच्चार बदलतो. काना पहिल्या गटातल्या कॉला लागला तर ‘का’ होतो, दुसऱ्या गटातल्या कोला लागला तर ‘किआ’ होतो. दुसरे म्हणजे शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, सगळी ओळ सलग असते. निघण्यापूर्वी दोन-तीन महिने रोज अर्धा तास दिला तर पहिलीचे पुस्तक अडखळत का होईना वाचता येते, आणि परदेशी माणूस आपल्या भाषेत अडखळतो आहे हे पाहिलेले मूल स्वतः अडखळायला कमी घाबरते.

रतनकिरी आणि मोंडुलकिरी या ईशान्येच्या प्रांतांत मात्र बुनोंग, तांपुआन, क्रेउंग अशा समाजांतील मुलांची मातृभाषाच ख्मेर नसते. तिथे मातृभाषेतून सुरुवात करून हळूहळू ख्मेरकडे नेणाऱ्या सरकारी बहुभाषिक शाळा आहेत. त्या भागात जाणाऱ्याने अशा शाळांच्या पद्धतीला धरूनच काम करावे.

प्रत्यक्ष वर्ग

पहिला आठवडा केवळ मुलांचे वाचन ऐकण्यात घालवावा. शिक्षकाने प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून काही अक्षरे, काही शब्द आणि चार ओळींचा एक उतारा वाचायला द्यावा आणि आपण नोंद करावी. मग इयत्ता बाजूला ठेवून अक्षरांवर अडलेली, शब्दांवर अडलेली आणि ओळीवर अडलेली असे गट करावेत. चौथीतला मुलगा दुसरीतल्या मुलीशेजारी बसणार असेल तर त्याला कमीपणा वाटणार नाही अशी गटांची नावे शिक्षकाकडूनच सुचवून घ्यावीत.

समजा, ओळीवर अडलेली आठ मुले चटईवर बसली आहेत. शिक्षिका एक छोटी गोष्ट बोट फिरवत मोठ्याने वाचते. मग प्रत्येकाच्या हाती तीच ओळ लिहिलेला कागद आणि पेन्सिल दिली जाते, आणि जिथे एक शब्द संपला असे वाटेल तिथे बारीक रेघ मारायला सांगितले जाते. चुकीच्या जागी पडलेली रेघ मूल नेमके कुठे अडते ते दाखवते. बहुधा खालचा ‘पाय’ वाचायचा राहून गेलेला असतो. त्या अक्षराचे कार्ड काढून तेवढ्यावरच पाच मिनिटे सराव होतो, नंतर जोडीजोडीने वाचन होते, आणि शेवटी प्रत्येक मूल आपल्या घरातले एक वाक्य सांगते, जसे ‘आजी बदकांना कोंडा घालते’, आणि ते स्वतः लिहिते. दुसऱ्या दिवशीचा पाठ याच वाक्यांपासून सुरू करता येतो. या चाळीस मिनिटांत स्वयंसेवकाचे काम कार्डे तयार ठेवणे, मागे पडलेल्या एका मुलाजवळ बसणे आणि वही भरणे एवढेच असते. ख्मेर गोष्टींची पुस्तके एशिया फाउंडेशनच्या लेट्स रीड या मोफत संग्रहात मिळतात, आणि सिपार ही संस्था अनेक वर्षे ख्मेर बालपुस्तके प्रकाशित करत आली आहे.

गणितात भाषाच मदत करते. पाचपर्यंतचे आकडे मुय, पी, बेइ, बुओन, प्राम असे मोजले जातात आणि सहा म्हणजे प्राम-मुय, पाच आणि एक. म्हणून बांबूच्या काड्यांच्या पाचाच्या आणि दहाच्या जुड्या मुलांना चटकन समजतात. मोठ्या मुलांना शून्याची गोष्ट जरूर सांगावी: शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३, असा काळ कोरलेला जगातील अतिशय जुन्या शून्यांपैकी एक शून्य त्यांच्याच देशातील संबोर येथील शिलालेखात आहे.

घर, पैसा आणि वावर

अनेक गावांत आईवडील थायलंडमध्ये किंवा नॉम पेन्हच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत कामाला असतात आणि मुले आजीजवळ राहतात. मूल आठवडाभर आले नाही तर शिक्षकासह घरी जाऊन आजीची विचारपूस करावी. कारण बहुधा आळस नसून धाकटे भावंड किंवा शेत असते. सहावीनंतर माध्यमिक शाळा दूर असते आणि शिक्षण सुटण्याचा धोका तिथे वाढतो, तेव्हा एक सायकलही मोठे काम करून जाते. मात्र पैसा किंवा वस्तू आपल्या हाताने एखाद्या मुलाला देऊ नये. शाळेच्या साहाय्य समितीमार्फत, सर्वांना दिसेल अशा रीतीने द्यावी.

भेटताना हात जोडावेत, घरात शिरताना चपला बाहेर काढाव्यात, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवू नये आणि पालकांच्या परवानगीविना फोटो काढू नये. वायव्येकडील प्रांतांत युद्धकाळातील भूसुरुंग अजून सापडतात. तिथे मळलेली वाट सोडून चालू नये.

परतण्याआधीचे दोन आठवडे आपण वर्गात काहीही शिकवू नये. शिक्षिका आणि गावातला साहाय्यक पूर्ण तास घेत असताना मागच्या चटईवर बसावे, विचारले तरच सांगावे, आणि शेवटच्या दिवशी कार्डांचा डबा आणि प्रत्येक मुलाच्या वाचनाची वही, ख्मेरमध्ये भरलेली, तिच्या हाती द्यावी.