नवा अंक मागवायचाय? आधी तारीख लिहा. ती नाही, दुसरी

गेल्या खेपेला मी काय माती खाल्ली ते आधी सांगतो, म्हणजे पुढे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का बडबडतोय ते कळेल. ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ या अमेरिकी कॉमिक्स मालिकेचा पहिला अंक ९ ऑक्टोबर २०२४ ला, बुधवारी येणार, हे मला कित्येक आठवडे पाठ होतं. फोनमध्ये गजर लावला होता, भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या चौकोनात वटवाघूळ काढलं होतं. बायकोने विचारलंही, हे कसलं अमंगळ, ऐन नवरात्रात. तो बुधवार उजाडला, पोहे-जिलेबी आटोपली, मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, जेवढ्या येतायत तेवढ्या सगळ्या बुक आहेत. ऑर्डर गणपतीतच बंद झाली.” गणपतीत मी काय करत होतो? अनंत चतुर्दशीला इथे इंदूरला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, बघत फिरत होतो. मजेत होतो.

तर लक्षात ठेवायच्या यादीत पहिलं नाव एफओसी, ‘फायनल ऑर्डर कटऑफ’. म्हणजे दुकानदाराला आपल्या ऑर्डरचा आकडा पक्का करायची शेवटची तारीख. अंक बाजारात येण्याच्या साधारण तीन-चार आठवडे आधी असते, प्रकाशकाप्रमाणे थोडी मागेपुढे. आपल्याला सवय पेपरच्या स्टॉलची. राजवाड्यापाशी मासिक आलं, खपलं तर खपलं, उरलं तर परत गेलं. अमेरिकी कॉमिक्सच्या दुकानांचा कारभार तसा नाही. १९७० च्या दशकापासून तिथली दुकानं माल घेतात तो बहुतेक करून परत न करण्याच्या बोलीवर. उरला तर दुकानदाराच्या बोडक्यावर. म्हणून तो मोजून मागवतो, आणि प्रकाशकही दुकानांचे आकडे हातात आल्यावरच किती छापायचं ते ठरवतो. वर थोडेफार जास्त छापतात, पण ते तुमच्या-माझ्यासाठी नसतात. त्या तारखेनंतर तुमचं प्रेम कितीही उतू जाओ, तुम्ही मोजणीत नाही.

आणि ही तारीख तिथल्या दुकानांची. माझा मुंबईवाला त्याच्याही चार-पाच दिवस आधी वही मिटतो, कारण त्यालाही पुढे आकडा कळवायचा असतो. म्हणून एका अंकाच्या तीन तारखा लिहा: अंक येण्याची, एफओसी, आणि तुमच्या दुकानदाराची. गजर तिसरीचा लावा. बुधवारचा, म्हणजे अंक येण्याच्या दिवसाचा, लावू नका. बुधवारी गजर वाजून काही होत नाही, अनुभवाने सांगतो.

आता काय मागवायचं ते. अमेरिकी प्रकाशक साधारण तीन महिने आधी याद्या जाहीर करतात. त्या वाचताना नायकाचं नाव हाताने झाका आणि लेखक-चित्रकार बघा. बॅटमॅनच्या नावावर दर महिन्याला इतकं निघतं की सगळं घ्यायचं तर घरातला एखादा दागिना मोडावा लागेल. ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ मी मागवणार होतो तो स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा या जोडीसाठी. यातला ब्रूस, म्हणजे बॅटमॅनच्या मुखवट्याआडचा माणूस, श्रीमंत नाही, गावात इंजिनिअरकी करणारा, हातापायाने धिप्पाड गडी आहे. बॅटमॅनकडून पैसा काढून घेतला तर उरतं काय, हा प्रश्न इतकी वर्षं कुणी एवढ्या गंभीरपणे का घेतला नाही याचंच मला नवल वाटतं. पण खरं सांगू, डीसीच्या या ‘ॲब्सोल्यूट’ मालिकांतली माझी आवडती ‘ॲब्सोल्यूट वंडर वुमन’. केली थॉम्पसनचं लिखाण, हेडन शर्मनची चित्रं. तिला एरवीसारखं बेटावर नाही, नरकात वाढवलंय, आणि तरीही ती सगळ्यांत मायाळू आहे. आधी तिची मागणी नोंदवा, मग त्याची. पुढच्या याद्यांतही ही माणसं कुठे दिसली तर डोळे मिटून मागवा, नायक कुणी का असेना.

मार्व्हलकडे जानेवारी २०२४ मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटोने ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ सुरू केला. त्यातला पीटर लग्न झालेला, दोन पोरांचा बाप, आणि कोळीपण त्याच्या वाट्याला तेव्हा कुठे येतं. या ‘अल्टिमेट’ मालिकांत काळही आपल्याबरोबर चालतो, दोन अंकांच्या मध्ये महिना गेला तर गोष्टीतही महिना गेलेला. असा अंक उशिरा वाचण्यात निम्मी गंमत जाते. म्हणजे पुन्हा तेच, तारीख. मोठ्या ‘इव्हेंट’बद्दल, म्हणजे अनेक मालिकांत पसरलेल्या एका गोष्टीबद्दल, माझं मत सरळ आहे: मुख्य अंक घ्या आणि टाय-इन, म्हणजे इतर मालिकांतले जोडअंक, सोडा. दहा मालिकांत सांडलेली गोष्ट मुळात नीट सांगितलेली नसते. डीसी-मार्व्हलचे एकत्र अंक, २०२५ मध्ये डेडपूल-बॅटमॅनचे आले तसे, हौस म्हणून घ्या. त्यासाठी उपाशी राहू नका.

अंकाचा क्रमांक लिहाल तेव्हा शेजारी वर्ष लिहाच. नुसतं ‘बॅटमॅन अंक १’ म्हणालात तर दुकानदार विचारेल, कुठला? १९४० चा एक आहे, २०११ मध्ये मोजणी पुन्हा १ पासून, २०१६ मध्ये पुन्हा, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मॅट फ्रॅक्शन आणि हॉर्हे हिमेनेझ आले तेव्हा आणखी एकदा. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चं तर विचारूच नका, एप्रिल २०२५ मध्ये तोही परत १ वर आलाय. आमच्या ओळखीतल्या एका पोराने वर्ष न लिहिल्यामुळे २०१६ चा अंक पदरात पाडून घेतला आणि दोन दिवस कौतुकाने वाचत बसला. असो, वाईट नव्हता.

कव्हर. साधं कव्हर मागवा. व्हेरिएंट म्हणजे त्याच अंकाचं वेगळ्या चित्राचं कव्हर. एकास पंचवीसचं व्हेरिएंट म्हणजे दुकानाने पंचवीस साधे अंक उचलले तर त्याला एक मिळणार, आणि त्या पंचवीसांचा भार तो कुणावर टाकेल ते तुम्हीच ओळखा. चित्र आवडलं तर फोनवर लावा, फुकट आहे.

पैसे. अमेरिकी अंक चार-पाच डॉलरचा, वर पाठवणी. तीन-चार अंक साठवून एकत्र पाठवायला सांगा, पण हेही आधी सांगा, म्हणजे ऑर्डर देतानाच. म्हणजे कधी? एफओसीच्या आधी. बघा, तिथेच आलो.

हिंदीतली राज कॉमिक्स वाचणाऱ्यांनी आता हसू नये. तुमच्याकडेही तेच आहे, फक्त नाव प्री-बुकिंग. लहानपणी रामबागेत भाड्याने कॉमिक्स मिळायची, नागराज, ध्रुव, डोगा, दुपारी नेलेलं संध्याकाळी परत, कोपरा दुमडला तर दुकानातल्या काकांची बोलणी. मामाकडे इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक होते, त्यातला वेताळ, म्हणजे फँटम, मला नागराजच्याही आधीपासून ठाऊक. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं. पण त्या काळी तारीख लक्षात ठेवावी लागत नव्हती, दुकानात जाऊन बसलं की झालं. आता सेट, म्हणजे काही अंकांचा गठ्ठा, जाहीर होतो, बुकिंगची मुदत असते, मुदत गेली की जुन्या मालाच्या चढ्या भावाने घ्या. आणखी एक बघा: राज कॉमिक्स आता तीन भावांच्या तीन वेगवेगळ्या नावांनी निघतात, संजय गुप्ता, मनोज गुप्ता आणि मनीष गुप्ता. नायक तेच, घरं वेगळी. एकाकडे सुरू झालेली गोष्ट दुसऱ्याकडे पुढे सरकेल असं धरू नका. सेट कुणाचा, नवी गोष्ट की पुनर्मुद्रण, हे पैसे भरण्याआधी वाचा. खजुरी बाजारात जुना अंक मिळेल या भरवशावर नवा सोडू नका. जे हवं असतं ते तिथे कधी मिळत नाही, नको ते मात्र दोनदा मिळतं.

हुकलंच तर? दुसरी-तिसरी छपाई येते, कव्हर बदलून. माझ्याकडे ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ची तीच आहे. आत अक्षर न् अक्षर तेच, तरी कपाट उघडलं की डोळा तिथेच जातो. वाचण्यापुरतं हवं असेल तर एकत्रित पुस्तकाची वाट बघा. ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’चे पहिले सहा अंक ऑगस्ट २०२५ मध्ये एकत्र आले, म्हणजे दहा महिने थांबा. मार्व्हल अनलिमिटेड या त्यांच्या वाचायच्या ॲपवर नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात. तोवर बुधवार रात्रीपासून फोन जपून वापरा. तिथे दुकानं उघडली की शेवटचं पान इथे इंदूरला आपल्या हातात अंक येण्याच्या कितीतरी आधी पोचतं. नायकांची नावं म्यूट करून टाका. मित्रांना म्यूट करता येत नाही, त्यांना आधी धमकावून ठेवा.

पार्सल पावसाळ्यात येणार असेल तर आत प्लास्टिक घाला म्हणावं. पत्त्यात फोन नंबर. दुपारी घरी कोण असेल ते बघा, आमच्याकडे शेजारच्या काकूंनी एकदा पाकिटावर गरम पातेलं ठेवलं होतं. बॅग-बोर्ड, म्हणजे अंक ठेवायची पिशवी आणि मागचा पुठ्ठा, अमेरिकी अंकाच्या मापाचे, राजचे वेगळे. बाकी तुम्हाला कळतं.

तारीख लिहिली का? कुठली? बुधवारची? खोडा.

हे लिहिता लिहिता मीच उठून कालनिर्णय बघून आलो. माझ्या दुकानदाराची पुढची तारीख शुक्रवार आहे आणि शुक्रवारी आम्ही भाच्याच्या साखरपुड्याला देवासला. म्हणजे गुरुवारी रात्रीच फोन करायला हवा. थांबा, आत्ताच करतो.