ब्रेक कॅलिपर घरी कसा दुरुस्त करावा

गाडी चालवून आल्यावर एकाच चाकाची रिम जास्त तापत असेल, किंवा ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढत असेल, तर बहुतेकदा कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) पिस्टन, म्हणजे पॅड ढकलणारा दट्ट्या, किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिना अडकलेल्या असतात. सील किट टाकून तोच कॅलिपर पुन्हा चालता करता येतो. इथली रीत एका पिस्टनच्या, पिनांवर सरकणाऱ्या पुढच्या कॅलिपरची आहे. मागच्या कॅलिपरलाच हँडब्रेक जोडलेला असेल, तर आतली रचना वेगळी असते. तो यात धरू नका.

आधी एक गोष्ट समजून घ्या, सगळं काम तिच्याभोवतीच फिरतं. पिस्टन मागे आणायला कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते. ते काम चौकोनी छेदाचं रबरी सील करतं. पिस्टन पुढे जाताना सील पिळवटतं आणि पाय उचलला की मूळ आकारात येऊन पिस्टनला केसभर मागे ओढतं. सीलच्या खाचेत गंज साचला, की सील पिस्टनवर आवळलं जातं. मग नवं सील टाकूनही ब्रेक धरूनच राहतो.

गाडी सपाट जागी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवा आणि चाक काढा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे दुसरी बघायला शाबूत राहते. कॅलिपर जागेवर घट्ट असतानाच होजचा (ब्रेक ऑइल आणणाऱ्या रबरी नळीचा) बोल्ट आणि ब्लीड निपल (हवा काढायची छोटी तोटी) किंचित सैल करून पुन्हा आवळा. हातात आल्यावर ते सुटता सुटत नाहीत. आता कॅलिपर उतरवा. होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.

पॅड काढून पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा धरा आणि कुणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगा. पिस्टन तेलाच्या दाबानेच बाहेर येतो. कॉम्प्रेसरची हवा मारली तर तो गोळीसारखा सुटतो, बोटं चिरडतात. नंतर होज सोडवून तिचं तोंड बंद करा. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

डस्ट कव्हर (पिस्टनभोवतीचं धूळ अडवणारं रबर) आणि सील लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकदार काडीने काढा, स्क्रूड्रायव्हरने नाही. मग खाच. इथे घाई नको. काडीला कापड गुंडाळून, ब्रेक क्लीनर मारून, कोपऱ्यांतला काळा-तपकिरी थर पूर्ण निघेपर्यंत घासा. डस्ट कव्हरची खाचही तशीच. पिस्टनच्या मुलाम्यावर नखाला लागतील असे खड्डे असतील तर पिस्टन नवाच टाका. घासून ते जात नाहीत. बोअर (पिस्टन सरकतो ती पोकळी) खोल खाल्लेला असेल तर कॅलिपरच बदला.

नवं सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बोटाने फिरवून बसवा, कुठे पीळ राहू नये. पिस्टनही तेलात भिजवा आणि हाताच्या दाबाने सरळ आत ढकला. तिरका गेला तर ठोकू नका, काढून पुन्हा घाला. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस या रबराजवळ येऊ देऊ नका, ते फुगतं. गाइड पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळसं लावा.

होजच्या बोल्टला तांब्याचे वॉशर नवेच घाला आणि बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानेच) आवळा. ब्लीड निपल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर बदलला गेला तर निपल खाली जातो आणि हवा कधीच निघत नाही.

ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच, सीलबंद डब्यातलं घ्या. ते हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३०° से. असतो, ओल शिरल्यावर तो १५५° पर्यंत उतरू शकतो. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलात बुडवा. पेडल दाबून धरायचं, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि मधूनमधून टाकी भरत राहा; ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

चाक लावून, गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. मऊ लागलं तर गाडी बाहेर काढू नका, अजून हवा आहे. कडक असेल तर मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून पाहा. दुसऱ्या दिवशी होजचा बोल्ट, निपल आणि डस्ट कव्हरभोवती कोरडा कागद फिरवा. ओल लागली तर गाडी पुन्हा स्टँडवर घ्या.