अपघातात डोक्याला मार लागलाय? भरपाईच्या दाव्यात या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत, माझ्या धाकट्या भावाच्या मोटरसायकलला पिकअपनं मागून उडवलं. वरून फारसं खरचटलेलंही नव्हतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात विचारलं, काय झालं? मागच्या गाडीवर असलेले काका म्हणाले, "गाडीवरून पडला जी." केसपेपरवर तेवढंच उतरलं. काकांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पोलिसाचं लचांड कायले मागं लावून घ्यायचं, पोरगं वाचलं तर बस, एवढाच विचार. पण त्या दोन शब्दांनी पुढं दीड वर्ष आमचा जीव खाल्ला. विमा कंपनीचा वकील दर तारखेला तोच कागद वर करायचा: नातेवाईकच सांगतात स्वतः पडला, मग पिकअप आली कुठून?

आमच्याकडून झालेल्या आणि गावोगाव होताना दिसणाऱ्या चुका लिहितो आहे, म्हणजे तुमचं दीड वर्ष वाचेल.

पहिल्या कागदावर चुकीची हकीकत

डॉक्टर सांगाल ते लिहितो. म्हणून रुग्णालयात पाय ठेवताच स्पष्ट सांगा: कोणत्या गाडीनं, कुठून येऊन, कुठं धडक दिली. नंबर माहीत असेल तर तोही. नोंद पोलीस केस म्हणूनच व्हायला पाहिजे. पेशंट नागपूरला मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात रेफर झाला, तर तिथंही हीच हकीकत द्या, कारण प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि दोन कागदांत फरक दिसला की समोरचा वकील तोच धरतो. पेशंट बेशुद्ध असेल तर नातेवाईक किंवा पाहणारा माणूस फिर्याद देऊ शकतो. आमच्या हद्दीतलं नाही म्हणून पोलीस ठाण्याला तुम्हाला परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआर घेऊन संबंधित ठाण्याकडे वर्ग करावा लागतो.

चूक झालीच असेल तर? कागदावर खाडाखोड करायला कुणालाही सांगू नका. रुग्णालयाच्या अधीक्षकाला आणि ठाण्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांचे जबाब नोंदवून घ्या. आणि चुकीची हकीकत सांगणाऱ्यालाच साक्षीला उभं करा. आमचे काका शेवटी उभे राहिले आणि म्हणाले, "मीच तसं सांगितलं होतं, भेवापायी. पिकअप मागून आली हे मी पाहिलं." गुन्हा नोंदवायला उशीर झाला एवढ्याच कारणानं दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सांगितलं आहे. उशीर का झाला, ते मात्र खरं सांगता आलं पाहिजे.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कुणीतरी कानाशी येऊन म्हणेल, "दुसरी एखादी गाडी दाखवून देतो." त्याला दारातूनच परत पाठवा. हा गुन्हा आहे आणि उघडकीला आला की खरी इजाही खोटी ठरते. अज्ञात वाहनासाठी वेगळी योजना आहे: गंभीर इजेला 50,000 आणि मृत्यूला 2 लाख रुपये, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे. रक्कम कमी आहे, पण ती हक्काची आहे.

उपचाराच्या पैशासाठीही थांबू नका. मे 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या 7 दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. पोलिसांकडे नोंद असली तर हेही सोपं जातं.

"चालते-बोलते, म्हणजे बरा झाला"

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती घरातलेच करतात. हात तुटला तर दिसतो. डोक्याची इजा दिसत नाही. भाऊ दहाव्या दिवशी घरी आला, डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं "प्रकृती समाधानकारक". आम्ही देवाला नारळ फोडला. मग एक दिवस चुलीवर दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला, अन् हा शेजारीच बसलेला. त्याला वासच येत नव्हता. वेचणाऱ्या बायांचा चुकारा करताना 500 च्या नोटा तीनदा मोजायचा आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा. कधी आवाज न चढवणारा पोरगा आईवर ताट भिरकावू लागला. फवारणीच्या वेळी पंपात औषध टाकलं की नाही हेच विसरायचा अन् पुन्हा टाकायचा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते आठवून आईनं पंपच लपवून ठेवला.

आम्ही हे "स्वभाव बदलला" म्हणून सोडून दिलं. तो आजार होता. सीटी स्कॅनमध्ये फारसं काही दिसलं नाही तरी स्मरण, राग, वास, हिशेब यांवर परिणाम होऊ शकतो. फेफरं तर कित्येक महिन्यांनीही सुरू होतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही घाला. तारीख टाका आणि जे घडलं तेच लिहा: काय विसरला, किती झोपला, कुणावर धावून गेला. झटका आला तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. ही वही प्रत्येक फेरीला मेंदूच्या डॉक्टरसमोर ठेवा आणि त्यातलं केसपेपरवर लिहून घ्या. घरच्या वहीला कोर्टात वजन येतं ते डॉक्टरच्या नोंदीमुळंच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून स्मरण आणि बुद्धीची चाचणी करून घ्या. रुग्णालयात बेशुद्धीची पातळी 3 ते 15 गुणांत मोजतात, 8 किंवा त्याखाली म्हणजे इजा गंभीर. तो आकडा लिहिलेला पहिल्या दिवसाचा कागद जपा. आणि हे दाव्यासाठी नाही, जिवासाठी: काही आठवड्यांनी डोकेदुखी वाढली, सुस्ती आली, एक बाजू लुळी वाटली, तर लगेच दवाखाना गाठा. म्हाताऱ्या माणसांत डोक्यात रक्त हळूहळू साचतं.

टक्केवारीवर समाधान मानणं

अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयाच्या मंडळाकडून घ्या. ज्यानं कधी पेशंट पाहिलाच नाही अशा डॉक्टरचा विकतचा दाखला उलटतपासणीत पाच मिनिटं टिकत नाही. शक्यतो उपचार करणारा डॉक्टर साक्षीला आणा.

पण दाखल्यावरचा आकडा म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे. शरीराचं अपंगत्व किती आणि त्या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलं आहे. हिशेब पाहा. 28 वर्षांचा शेतकरी, महिन्याची कमाई 12,000 धरली, तर वर्षाचे 1,44,000. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवून 2,01,600. या वयाला गुणक (वयानुसार जितक्या वर्षांची कमाई धरतात तो आकडा) 17, म्हणजे 34,27,200. कमाईची ताकद 20 टक्के गेली मानली तर 6,85,440 मिळतात, 50 टक्के मानली तर 17,13,600. हा फरक पडतो कशानं? तो माणूस आता कोणतं काम करू शकत नाही, हे तुम्ही किती नेमकं मांडता यानं.

विमा कंपनी म्हणेल, जमीन तर जागेवरच आहे, नुकसान काय? जमीन आहे, पण ती कसणारं डोकं गेलं. सातबारा, बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या पावत्या, पीककर्जाचे कागद, बँकेचं पासबुक, मजुराचं जॉबकार्ड, आणि आता शेत ठेक्यानं दिलं असेल तर तो करारही जोडा.

आईची सेवा दाव्यात न मागणं

आमच्या दाव्यात पहिल्यांदा हा मुद्दाच नव्हता. आईच करते, तिचे कसले पैसे? 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका मुलीच्या प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. ती 12 वर्षांची असताना आईबापासोबत ट्रॅक्टरवर होती, ट्रकनं धडक दिली, डोक्याला जबर मार लागला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणानं (हे दावे चालतात ते कोर्ट) सुमारे 11 लाख दिले होते, उच्च न्यायालयानं सुमारे 26 लाख, सर्वोच्च न्यायालयानं 62,27,000. त्यात दोन सेवेकऱ्यांचे महिन्याला प्रत्येकी 5,000 धरून, 18 च्या गुणकानं, 21,60,000 रुपये फक्त सांभाळण्याचे होते. तुमच्या घरी कुणीतरी वेचणीची मजुरी सोडून पेशंटजवळ बसत असेल. तेही मागा.

घाई, आणि त्याउलट दिरंगाई

1 एप्रिल 2022 पासून दाव्याला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, म्हणून मुदत गेली तरी घरी बसू नका, वकिलाला भेटा. अपघात नागपूरला झाला तरी दावा तुम्ही राहता त्या भागाच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो. दावा वेळेत लावा, वैद्यकीय कागद नंतर जोडता येतात.

तडजोडीची मात्र घाई नको. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. चौथ्या महिन्यात चार लाखांवर सही केली आणि दहाव्या महिन्यात फेफरं सुरू झालं, तर पुन्हा दार उघडत नाही.

दवाखान्यातच वकीलपत्र घेऊन येणाऱ्या एजंटला अंगठा देऊ नका. भरपाईत टक्का ठरवून फी घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता, इतरांना वर्षाला 3 लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टात समितीचं कार्यालय असतं. आणि पेशंटला स्वतःचं हित समजत नसेल, तर दावा त्याच्या वतीनं आईनं, बायकोनं किंवा भावानं कोर्टाच्या परवानगीनं चालवायचा असतो.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्यांबाबत विमा कंपनी हमखास हात वर करते, पॉलिसी वकिलाला दाखवा. जिनिंगमध्ये किंवा बांधकामावर इजा झाली असेल तर 21 नोव्हेंबर 2025 पर्यंत 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा लागायचा, आता त्याजागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे, मुदत वकिलाला विचारा. स्वतःच घसरून पडलात तर गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे का, ते पाहा. आणि हेल्मेट नव्हतं तर नव्हतं म्हणा. रक्कम कापली जाऊ शकते, पण खोटं पकडलं गेलं की बाकी सगळ्यावरचा विश्वास जातो.

निकाल पटला नाही तर 90 दिवसांत उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करता येतं. मंजूर रकमेचा मोठा भाग कोर्ट बहुधा मुदत ठेवीत टाकतं, उपचारासाठी अर्ज करून तो काढता येतो, त्यासाठी बिलं लागतात. आईनं त्याच वहीची मागची बाजू आता बिलांसाठी धरली आहे. गोळ्यांची चिठ्ठी असो की नागपूरच्या एसटीचं तिकीट, डिंकानं चिकटवते आणि खाली तारीख टाकते.